मशीनचं मॅन्युअल डिजिटल स्वरूपात द्यायचंय, कोणतं सॉफ्टवेअर निवडावं?

भोसरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमची पाऊच पॅकिंग मशीन बनवणारी कंपनी आहे. फरसाण, मसाले, चहा, धुण्याची पावडर, जे जे पाऊचमध्ये भरतात ते सगळं. गिऱ्हाईक जास्त करून महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातलं, पण अलीकडे जर्मनी आणि पोलंडलाही मशीन जायला लागली आहेत. सर्व्हिस आणि मॅन्युअल ही दोन्ही खाती माझ्याकडे आहेत.

आजची पद्धत अशी. प्रत्येक मॉडेलची एक वर्ड फाइल. नवीन ऑर्डर आली की जुन्या फाइलची कॉपी मारायची, गिऱ्हाइकाच्या मशीनप्रमाणे फेरफार करायचे, पीडीएफ, प्रिंट, स्पायरल, आणि ते बाड पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात. सुरक्षेचं प्रकरण सगळ्या फाइलींत तेच आहे. त्यात एका वाक्याची दुरुस्ती निघाली की ती कुठे झाली आणि कुठे राहिली हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. भाषांतरकाराकडे दर वेळी अख्खी फाइल जाते आणि बिलही अख्ख्या फाइलचं येतं. आणि एवढं करून ऑपरेटर मॅन्युअल उघडतच नाही. तो फोन करतो, "साहेब, २१७ नंबरचा अलार्म आलाय, काय करू?"

आता मालकांनी मनावर घेतलंय की मॅन्युअल डिजिटल करायचं, त्यासाठी सॉफ्टवेअर घ्या. विक्रेत्यांचे डेमो बघतोय. सगळेच छान दिसतात, पण प्रत्येकाचा डेमो त्याच्या स्वतःच्या मजकुरावर आणि इंग्रजीत. आमचं मॅन्युअल इंग्रजी, जर्मन, पोलिश, मराठी आणि हिंदीत लागतं. लिहिणारे आम्ही दोघे, चित्रं काढणारा एक ड्राफ्ट्समन, आयटीचा पूर्णवेळ माणूस नाही. गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये नेट असेलच याची खात्री नाही. यातून ज्यांनी वाट काढली आहे त्यांनी कृपया सांगा.

---

जुनी_लेखणी

दादा, डेमो थोडे दिवस बाजूला ठेवा. "कोणतं सॉफ्टवेअर" या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत: मजकूर लिहायचा कशात, ठेवायचा कुठे, आणि वाचणाऱ्याच्या हातात द्यायचा कसा. विक्रेता तिन्ही एकत्र विकतो म्हणून ती एकच वस्तू वाटते. तुम्ही वेगवेगळी धरा, कारण यातली तिसरी गोष्ट सतत बदलते.

मी या कामाला लागले तेव्हा हेल्प म्हणजे एचएलपी फाइल. ती उघडणारं विनहेल्प १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आलं होतं. १९९७ मध्ये सीएचएम हे हेल्पचं नवं स्वरूप आलं आणि सगळे तिकडे गेले. पुढे व्हिस्टापासून विंडोजमध्ये विनहेल्प उघडणारा प्रोग्रॅम द्यायचाच बंद झाला. ज्यांनी मूळ आरटीएफ फाइली जपून ठेवल्या होत्या त्यांनी मजकूर नव्या स्वरूपात आणला. ज्यांच्याकडे फक्त तयार एचएलपी उरली होती त्यांचे फार हाल झाले. सीएचएमचंही पुढे तसंच झालं. २००५ च्या सुरक्षा अपडेटनंतर नेटवर्कवरच्या फोल्डरमधून सीएचएम उघडली की डावीकडे अनुक्रमणिका दिसायची आणि उजवीकडे पान कोरं. मराठीला तर सीएचएमचा उपयोग कधी झालाच नाही, कारण त्याची अनुक्रमणिका आणि सूची जुन्या कोडपेजवर (एकेका लिपीच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीवर) चालते आणि देवनागरीला विंडोजमध्ये तसं कोडपेजच नाही.

म्हणून माझा पहिला निकष एकच: उद्या हा विक्रेता बंद पडला, तर माझा मूळ मजकूर, चित्रं, आणि कुठला तुकडा कुठे वापरलाय याची जोडणी, हे सगळं साध्या फाइलींच्या रूपात माझ्या हातात राहील का? "एक्सपोर्टची सोय आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. समोर एक्सपोर्ट करून दाखवा म्हणा आणि ती फाइल दुसऱ्या कशात तरी उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी एक्सपोर्ट म्हणजे नुसती पीडीएफ निघते.

आता साधनांच्या जाती. मॅडकॅप फ्लेअर, अडोबी रोबोहेल्प ही हेल्प लिहिण्याची तयार साधनं. दुसरी जात डिटाची: आयबीएमने बनवलेली एक्सएमएल रचना, २००५ पासून ओअ‍ॅसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक, आणि तिच्यावर उभ्या मोठ्या कंटेंट मॅनेजमेंट प्रणाली. तिसरी, साध्या टेक्स्ट फाइली गिटमध्ये (फाइलींचा प्रत्येक बदल जपणाऱ्या प्रणालीत) ठेवून त्यातून वेबसाइट आणि पीडीएफ बनवायची: स्फिंक्स, एमकेडॉक्स, डॉक्युसॉरस, अँटोरा वगैरे. चौथी, विकी किंवा नॉलेज बेस, कॉन्फ्लुअन्ससारखं.

चौथी तुमच्यासाठी नाही, हे आत्ताच सांगते. विकीवर पान कायम ताजं असतं. तुम्हाला उलट पाहिजे: अमुक सिरियल नंबरचं मशीन ज्या दिवशी गेलं त्या दिवशीचं मॅन्युअल जसंच्या तसं गोठलेलं राहायला हवं. अपघात झाला तर तेच पान मागितलं जाईल. मोठी डिटा प्रणाली दोन लेखकांना झेपणार नाही, तिची व्यवस्था बघायलाच एक माणूस लागतो. पहिली की तिसरी, हे तुमच्या माणसांवर ठरेल.

---

डार्मस्टाट

मी इकडे जर्मनीत मशीन बनवणाऱ्या कंपनीतच डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, म्हणून युरोपातल्या बाजूचं लिहितो. भोसरीकर, हे तुम्हाला सॉफ्टवेअर निवडण्याआधी कळायला हवं.

आजवर २००६/४२ या क्रमांकाचं मशिनरी डायरेक्टिव्ह लागू आहे आणि त्याच्या अधिकृत मार्गदर्शिकेनुसार मॅन्युअल कागदावर द्यावं लागायचं. त्याची जागा २०२३/१२३० हे नवीन रेग्युलेशन घेतंय, ते २० जानेवारी २०२७ पासून लागू होतंय. त्यात वापराच्या सूचना डिजिटल स्वरूपात द्यायला स्पष्ट परवानगी आहे, पण अटी आहेत आणि त्या अटी सरळ तुमच्या निवडीवर येतात.

एक, डिजिटल मॅन्युअल कुठे आणि कसं मिळेल हे मशीनवर लिहिलेलं असावं. ते शक्य नसेल तर पॅकिंगवर किंवा सोबतच्या कागदावर. दोन, वापरणाऱ्याला ते छापता यावं, उतरवून घेता यावं आणि स्वतःच्या उपकरणावर साठवता यावं, म्हणजे कधीही आणि विशेषतः मशीन बंद पडल्यावरही हाताशी असेल. मॅन्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येच बसवलेलं असेल तरीही ही अट लागू आहे. तीन, मशीनच्या अपेक्षित आयुष्यभर, आणि बाजारात आणल्यापासून किमान १० वर्षं, ते ऑनलाइन उपलब्ध ठेवावं लागेल. चार, खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाने कागदी प्रत मागितली तर ती महिन्याच्या आत फुकट द्यायची.

म्हणजे नुसती सुंदर वेबसाइट दाखवणारं, पण अख्खं मॅन्युअल एका फटक्यात उतरवू न देणारं साधन युरोपसाठी बाद. आणि दर वर्षी भाडं भरेपर्यंतच पानं जिवंत ठेवणारी क्लाउड सेवा घेतली, तर ते भाडं तुम्ही किमान दहा वर्षं भरायचं कबूल केलं असं समजा. पाऊच मशीन दहा वर्षांत भंगारात जात नाही, त्यामुळे खरा हिशोब त्याहून लांबचा.

---

भोसरीकर

डार्मस्टाट, फार उपयोगी माहिती. दोन विक्रेते नेमकं हेच सांगत होते की मॅन्युअल टच पॅनेलमध्ये टाका, विषय संपला. पॅनेलच उडालं तर मॅन्युअल बघणार कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात होता, पण तो रेग्युलेशनमध्येच लिहिलेला असेल असं वाटलं नव्हतं.

---

सर्व्हिसवाला_मिरज

लिहिणाऱ्यांनी लिहिलंय, मी बघितलेलं सांगतो. मी दुसऱ्या एका कंपनीच्या फिलिंग मशीनची सर्व्हिस करतो, सांगली-कोल्हापूर-सोलापूर पट्टा.

ऑपरेटर मॅन्युअल वाचत नाही असं आपण म्हणतो, पण तो फोनवर यूट्यूब बघून स्कूटर दुरुस्त करतो. त्याला वाचायचं असतं, त्याला शोधायला वेळ नसतो. रोल संपत आलाय, खाली तराजूत माल पडतोय, मालक मागे उभा आहे. परवा एका शेडमध्ये बघितलं: सील सुटत होतं, पाऊच दाबला की कडेने हवा जायची. पोराने पॅनेलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. दोनशेच्या वर पानांची इंग्रजी पीडीएफ उतरायला लागली, अर्ध्यात अडकली. त्याने फोन खिशात टाकला आणि जॉचं (पाऊच दाबून सील करणाऱ्या तापत्या जबड्याचं) तापमान अंदाजाने वाढवलं. फिल्म जळली.

त्या पोराला पाहिजे होतं एकच पान. वर अलार्मचा नंबर किंवा "सील सुटतंय", खाली तीन गोष्टी क्रमाने: जॉवर पावडर बसली आहे का बघ, टेफ्लॉनची पट्टी फाटली आहे का बघ, मग तापमान, आणि तेही या फिल्मला इतक्याच्या वर नेऊ नकोस. एक फोटो. बस.

त्यामुळे सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, एका अलार्मचं एक पान आणि त्या पानाचा कायम न बदलणारा पत्ता, हे त्यात जमतंय का ते आधी बघा. पॅनेलवर अलार्म आला की शेजारी त्याच पानाचा क्यूआर दिसेल अशी सोय तुमचे पीएलसीवाले (मशीनच्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम लिहिणारे) करू शकतात, पण पानाचा पत्ता दर आवृत्तीला बदलत असेल तर कशाचाच उपयोग नाही. आणि क्यूआरचा स्टिकर जॉच्या जवळ लावू नका. उष्णता आणि तेलाने सहा महिन्यांत वाचता येत नाही. पॅनेलच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीला, कोरलेल्या पट्टीवर.

---

कोडवाचक

मिरजकरांच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता मराठीचा आणि नेट नसण्याचा प्रश्न घेतो, कारण डेमोत हे दोन्ही कधीच दिसत नाहीत.

आधी नेट नसणं. वेबसाइटसारखं मॅन्युअल झिप करून पेनड्राइव्हवर दिलं आणि ब्राउझरमध्ये थेट फाइल उघडली, की पानं दिसतात पण शोध चालत नाही. ब्राउझर सुरक्षेसाठी अशा उघडलेल्या पानाला बाजूची दुसरी फाइल वाचू देत नाही, आणि शोधाची सूची त्याच दुसऱ्या फाइलीत असते. एमकेडॉक्सचा मूळ शोध यामुळेच अडतो. त्यावर मटेरियल थीमचं (एमकेडॉक्सच्या एका तयार सजावटीचं) ऑफलाइन प्लगइन आहे, शिवाय फोल्डरवाले पत्ते बंद करावे लागतात. स्फिंक्स सूची जावास्क्रिप्ट फाइल म्हणूनच लोड करतं, त्यामुळे तिथे शोध पेनड्राइव्हवरूनही चालतो. छोटी गोष्ट आहे, पण शेडमध्ये तीच निर्णायक.

आता मराठी. एमकेडॉक्स लुनर नावाची शोध-लायब्ररी वापरतं. तिच्यात शब्दाच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हं छाटण्याची एक पायरी आहे, आणि तिच्या लेखी इंग्रजी अक्षर, अंक आणि अधोरेखा सोडून बाकी सगळं विरामचिन्ह. म्हणजे अख्खा देवनागरी शब्द छाटला जातो, हाती रिकामी जागा. हिंदीची वेगळी जोडणी लावली की शब्द टिकतात.

स्फिंक्समध्ये अडचण वेगळी आहे. ते मूळ मजकुराचे शब्द पाडायला पायथॉनची नेहमीची पद्धत वापरतं, आणि त्या पद्धतीत मात्रा, अनुस्वार, हलंत ही "अक्षरं" धरली जात नाहीत. त्यामुळे "मशीन"चे "मश" आणि "न" असे तुकडे होतात. शोध चालल्यासारखा दिसतो, पण कुठलाही शब्द टाका, निम्मं मॅन्युअल समोर येतं. यावर उपाय आहे: मराठीसाठी शोधाचा छोटा वर्ग (कोडचा तुकडा) लिहून शब्द कुठे तोडायचा ते सांगायचं, पायथॉनमध्ये आणि ब्राउझरच्या बाजूलाही. प्रोग्रॅमरचं एका दिवसाचं काम आहे. पण हे आधी माहीत नसेल तर मॅन्युअल पाठवल्यावर कळतं.

याच्या पुढे विभक्ती. ऑपरेटर "झडप" शोधतो, पानावर "झडपेचा" आणि "झडपेला" लिहिलेलं असतं. इलॅस्टिकसर्च या मोठ्या शोध-प्रणालीत हिंदी आणि बंगालीसाठी तयार सोय आहे, मराठीसाठी नाही. म्हणून मी सांगेन की व्याकरणाच्या मागे न लागता प्रत्येक पानाच्या डोक्यावर शोधशब्दांची ओळ ठेवा, वाचकाला न दिसणारी. त्यात मूळ रूप, लोक बोलतात ते रूप (झडप, वाल्व, व्हॉल्व्ह) आणि रोमन लिपीत टाइप केलेलं मराठीही घाला, कारण फोनवर बरेच जण तसंच टाइप करतात.

---

अक्षरजुळणी

कोडवाचकांच्या यादीत आणखी भर. "ॲडजस्ट" दोन प्रकारे टाइप होतं: एकात ॲ हे एकच अक्षर, दुसऱ्यात अ आणि वर वेगळी चंद्रकोर. पडद्यावर डोळ्याला फरक कळत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. "दुसऱ्या"मधल्या रफाराच्याही दोन पद्धती आहेत, कीबोर्डप्रमाणे बदलतात. तुम्ही दोघे वेगळ्या कीबोर्डवर लिहीत असाल तर एकाने लिहिलेलं पान दुसऱ्याच्या शोधात येणार नाही. ॲ-अॅ ची जोडी तर युनिकोडच्या प्रमाणित रूपांतरानेही एक होत नाही. मजकूर बनवताना सगळीकडे एकच रूप करणारी छोटी स्क्रिप्ट लावून टाका.

आता पीडीएफ, कारण युरोपाला छापता येणारी प्रत लागतेच आणि आपल्या गिऱ्हाइकालाही लागते. इथे सर्वांत जास्त साधनं मराठीवर अडखळतात. जोडाक्षरं बसवायला अक्षरांची जुळणी करणारं इंजिन लागतं. अ‍ॅस्कीडॉक्टर या साध्या टेक्स्टमधून पुस्तक बनवणाऱ्या साधनाची पीडीएफ प्रॉन या लायब्ररीवर चालते, तिला हे येत नाही, "क्त" आणि "र्म" सुटे सुटे पडतात. लाटेकवाल्या (कोडमधून छपाईची पानं जुळवणाऱ्या) मार्गाने जात असाल तर झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरा, साध्या पीडीएफलाटेकच्या वाटेला जाऊ नका. वेबपानांची पीडीएफ करणारं वीझीप्रिंट पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीवर चालतं, तिथे जुळणी बरोबर येते. अपाची एफओपीमध्ये २०१२ च्या १.१ आवृत्तीपासून देवनागरीची सोय आहे, डिटावाल्यांना तेच उपयोगी. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ कुणी सुचवलं तर घेऊ नका, त्याचा प्रकल्प २०२३ मध्ये बंद करून टाकलाय.

पीडीएफ हातात आली की नुसती बघू नका. त्यातून एक परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. पहिली वेलांटी जागची हलली असेल, अक्षरं गळली असतील, तर त्या पीडीएफमध्ये शोधही चालणार नाही आणि दृष्टिहीन माणसाचं वाचनयंत्रही अडखळेल. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टांत केलेला मजकूर तुमच्याकडे असणारच. तो चिकटवला की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. त्याचं रूपांतर हे वेगळं काम म्हणून धरा, सॉफ्टवेअर ते करून देणार नाही, आणि रूपांतर झाल्यावर माणसाने वाचणं आवश्यक आहे. टॉर्कच्या आकड्यात दशांशचिन्ह गेलं तर काय होईल ते तुम्हीच जाणता.

पानावर भाषा "मराठी" म्हणून नोंदवायला विसरू नका. चांगल्या फॉन्टांत ल आणि श ची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, आणि पान मराठी आहे हे सांगितलं तरच ती येतात. हिंदी म्हणून नोंदवलं तर हिंदी वळणाचा ल दिसतो. माझ्या दृष्टीने हा बारकावा महत्त्वाचा आहे, आपल्या माणसाला पुस्तक आपलं वाटायला हवं.

---

डीटीपी_ते_डॉक्स

वरच्या चर्चेचा कल स्फिंक्स आणि गिटकडे चाललाय, म्हणून दुसरी बाजू मांडते. मी आधी पेजमेकर, मग इनडिझाइन, आणि आता फ्लेअरवर काम करते. गिट शिकणं अवघड नाही असं प्रोग्रॅमर मंडळी म्हणतात, पण दोघांनी एकाच तक्त्यात बदल केला आणि गुंता झाला की तो सोडवायला त्यांनाच बोलवावं लागतं. मशीनच्या मॅन्युअलमध्ये तक्ते फार असतात. जोडलेल्या खान्यांचा वंगण-तक्ता साध्या मार्कडाउनमध्ये (टेक्स्ट फाइलीत चिन्हांनी मांडणी सांगायच्या पद्धतीत) करून दाखवा.

फ्लेअरमध्ये अटींचे टॅग आहेत: हा परिच्छेद फक्त सर्व्होवाल्या मशीनला, हा फक्त न्यूमॅटिक जॉवाल्याला. समोर दिसतं, एका खटक्यात वेगळं पुस्तक निघतं. मूळ फाइली एक्सएमएल आहेत, त्या तुमच्याच संगणकावर असतात, त्यामुळे जुन्या लेखणीताईंच्या पहिल्या निकषातही ते बऱ्यापैकी बसतं. आणि अडलं तर विचारायला कंपनी आहे. भोसरीकरांकडे आयटीचा माणूस नाही, हे सगळे विसरताहेत.

---

जुनी_लेखणी

डीटीपीताई, मुद्दा मान्य. तक्त्यांच्या बाबतीत साध्या मार्कडाउनपेक्षा रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट किंवा अ‍ॅस्कीडॉक बरंच बरं, पण डोळ्यांसमोर दिसणारा तक्ता तो नव्हेच. अटींच्या टॅगबाबत मात्र सावध करते. सोपे आहेत म्हणून लोक अर्ध्या अर्ध्या वाक्याला टॅग लावतात. मग भाषांतरात घात होतो: मराठीत किंवा जर्मनमध्ये वाक्याची रचनाच बदलते आणि अर्धं वाक्य गाळलं की उरलेलं निरर्थक. अट लावायची ती पूर्ण परिच्छेदाला किंवा पूर्ण पायरीला. हा नियम कुठल्याही साधनात पाळा.

भाषांतराचा खर्च हा भोसरीकरांचा मूळ त्रास आहे, त्यावर कुणी बोललं नाही. स्फिंक्समधून प्रत्येक परिच्छेद पीओ फाइलीत (मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी ठेवणाऱ्या फाइलीत) निघतो. बदल झालेला परिच्छेद तेवढा "पुन्हा बघा" म्हणून खूण होऊन येतो. ती फाइल भाषांतरकार ओमेगाटीसारख्या मोफत साधनात उघडू शकतो. फ्लेअर किंवा डिटावाल्यांनी एक्सलिफचा (तशाच दुसऱ्या फाइल-स्वरूपाचा) मार्ग धरायचा. दोन्हीकडे फायदा तोच: अख्ख्या पुस्तकाचे पैसे पुन्हा पुन्हा जात नाहीत. मात्र भाषांतरकाराशी दर ठरवताना हे आधी बोला, आणि न बदललेल्या परिच्छेदांवरही त्याला नजर फिरवायचे पैसे द्या. आजूबाजूचं वाक्य बदललं की जुनं भाषांतर खटकू शकतं.

---

चिंचवड_सर्व्हर

पत्त्यांबद्दल एक. क्यूआरमध्ये सेवा देणाऱ्या कंपनीचा पत्ता कधीही कोरू नका. तुमच्या स्वतःच्या डोमेनखाली छोटा पत्ता बनवा, त्यात मशीनचा सिरियल नंबर, आणि तिथून पुढे जिथे मॅन्युअल असेल तिथे वळवा. उद्या साधन बदललं तरी मशीनवरची पट्टी तीच. डोमेनचं नूतनीकरण एका माणसाच्या वैयक्तिक ईमेलवर नसावं, कंपनीच्या खात्यावर असावं आणि हिशोब विभागाच्या कॅलेंडरमध्ये असावं. माणूस नोकरी सोडून गेला आणि डोमेन सुटलं, असं होताना पाहिलंय. मग ते दुसरं कुणी घेतं आणि तुमच्या मशीनवरचा क्यूआर भलत्याच पानावर जातो.

प्रत्येक मशीन रवाना होताना त्याच्या मॅन्युअलची पीडीएफ आणि झिप वेगळ्या जागी जपा, ती परत कुणी बदलू शकणार नाही अशी.

---

नवी_लेखिका

वाचनखूण साठवली. एक विचारू का, हे सगळं तपासायचं कसं? विक्रेत्याला नेमकं काय करायला सांगायचं?

---

कोडवाचक

तुमच्या मॅन्युअलचं सर्वांत किचकट प्रकरण द्या, सोपं नाही. मराठीतलं, ज्यात तक्ता आहे, इशाऱ्याचं चिन्ह आहे, दोन मॉडेलांचा फरक आहे आणि बाण काढलेलं चित्र आहे. त्यातून वेब, पीडीएफ आणि नेटशिवाय चालणारी प्रत बनवून मागा. मग एका वाक्यात बदल करून तिन्ही परत मागा. हे तुमच्या समोर, तुमच्याच माणसाच्या हातून व्हायला हवं. विक्रेत्याचा इंजिनीअर करून दाखवेल, त्याने काही कळत नाही.

---

भोसरीकर

मंडळी, उशिरा लिहितोय, पण कोडवाचक म्हणाले तशी चाचणी करून आलो.

"आडवं सीलिंग: जॉ, हीटर आणि टेफ्लॉन बदलणे" हे प्रकरण घेतलं. मराठीत, वंगण आणि तापमानाच्या तक्त्यासकट. दोन व्यापारी साधनांच्या चाचणी-आवृत्त्या आणि स्फिंक्स. लिहायला मी आणि माझी सहकारी, स्फिंक्ससाठी बाहेरचा एक प्रोग्रॅमर.

लिहिण्याच्या सोयीत व्यापारी साधनं पुढे आहेत, यात शंका नाही. सहकारी पहिल्याच दिवशी त्यात रुळली. पण एका साधनाच्या वेब-प्रतीत "टेफ्लॉन" शोधलं तर काहीच सापडेना, आणि "टेफ्लॉनची" शोधलं तर सापडलं, कारण पानावर तेच रूप होतं. आमच्या सर्व्हिस विभागातल्या फिटरांना फोन देऊन बसवलं होतं, त्यांनी एकदा शोधून फोन खाली ठेवला. दुसऱ्या साधनाची पीडीएफ दिसायला उत्तम, पण अक्षरजुळणींनी सांगितल्याप्रमाणे नोटपॅडमध्ये चिकटवली तर "स्थिती"ची वेलांटी भलत्याच जागी. विक्रेता म्हणतोय पुढच्या आवृत्तीत सुधारेल. मी ते लेखी मागितलं, आलेलं नाही.

स्फिंक्समध्ये शोध सुरुवातीला कोडवाचकांनी लिहिल्याप्रमाणेच तुटका होता. प्रोग्रॅमरने मराठीचे शब्द पाडायचा वर्ग लिहिला, शोधशब्दांची ओळ घातली, आणि मग मात्र फिटरांना "सील सुटतंय" टाकून पान पहिल्या झटक्यात मिळालं. तेही लॅपटॉपचं नेट बंद करून, पेनड्राइव्हवरून. पीडीएफ झीलाटेकमधून काढली, चिकटवूनही नीट आली. तक्ता लिहिणं त्रासाचं आहे, डीटीपीताई बरोबर आहेत. आम्ही तक्ते सीएसव्ही फाइलीत ठेवायचं ठरवलंय, म्हणजे सहकारी ते एक्सेलमध्ये भरेल आणि स्फिंक्स तिथून उचलेल. जोडलेले खाने सोडून दिले, तक्ते दोन केले. फिटर म्हणाले दोनच बरे.

तर स्फिंक्सवर जातोय. मालकांचा प्रश्न होता की फुकटच्या सॉफ्टवेअरला जबाबदार कोण. त्यांना सांगितलं की वाचलेल्या परवान्याच्या पैशातून त्या प्रोग्रॅमरशी वार्षिक करार करू, आणि त्याने केलेलं सगळं आमच्याच गिटमध्ये राहील. त्यांना ते पटलं.

पहिल्या टप्प्यात एकच मॉडेल, सगळ्यांत जास्त विकलं जाणारं, आणि त्यातले अलार्म आधी. सुरक्षेचं प्रकरण एका जागी लिहून सगळीकडे ओढायचं. एक प्रश्न उरलाय: पोलंडच्या पुढच्या ऑर्डरला डिजिटल द्यायचं तर कागदी प्रतीचं काय करायचं?

---

सर्व्हिसवाला_मिरज

अलार्म आधी, हे फार बरं केलंत. प्रत्येक पानाखाली "हे पान उपयोगी पडलं का" असं न विचारता "अजून काय बघायला हवं होतं" असा व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा द्या. ऑपरेटर आवाजात सांगेल, लिहिणार नाही. त्यातून पुढची पानं सुचतील.

---

डार्मस्टाट

भोसरीकर, कागदी प्रतीबद्दल. मशीन जानेवारी २०२७ च्या तारखेआधी बाजारात जात असेल तर छापील मॅन्युअल सोबत ठेवाच, डिजिटल वरून द्या. त्यानंतरच्या ऑर्डरींसाठी तुमच्या ऑर्डर-स्वीकृतीच्या फॉर्मवर पोलिश आणि जर्मनमध्ये एक ओळ घाला: छापील प्रत हवी / नको, आणि तिथे गिऱ्हाइकाची सही. "हवी" म्हटलं तर महिन्याच्या आत ती तिथे पोचायला हवी, म्हणजे छपाई आणि कुरिअरचे दिवस आधीच धरा. पोलिश प्रत इकडेच कुणाकडून छापून घेतलीत तर सोपं पडेल, पीडीएफ तर तुमच्याकडे तयार असेलच. आणि कुठल्या सिरियल नंबरला कुठल्या तारखेची पीडीएफ छापून दिली, त्याची नोंद त्याच गिटमध्ये ठेवा.